१४४ लागू? म्हणजे पोटगी!

एक झटपट क्विझ. १४४ म्हणजे काय?

‘जमावबंदी’ हे उत्तर मनात आलं असेल तर तुम्ही एकदम नॉर्मल आहात. मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हा आकडा पेपरातल्या हेडलाइन्समधून फिट बसलाय. पण १ जुलै २०२४ पासून गंमत झालीय. जमावबंदीचा आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आणि त्याच संहितेत १४४ नंबरवर कोण येऊन बसलंय? बायको, मुलं आणि आईवडील यांची पोटगी! पूर्वी ती १२५ नंबरला राहायची.

अजून दोन घ्या. ३०२? खून नाही. खून आता १०३. भारतीय न्याय संहितेचं ३०२ आहे ते कुणाच्या धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम काही बोलण्याबद्दल. आणि ४२०? या संहितेत कलमं आहेतच मुळी ३५८. त्यामुळे ‘चारसो बीस’ आता राज कपूरच्या १९५५च्या सिनेमात आणि आपल्या बोलण्यात शिल्लक, फसवणुकीचा मुक्काम ३१८ मध्ये.

ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये हे ज्ञान पाजळायला मस्त आहे. पण ज्याला यावर पोट भरायचंय त्याचं काय? तुमच्या ऑफिसात असा एक जण नक्की असेल. सकाळचं लॉ कॉलेज उरकून धावतपळत लोअर परळ गाठणारा, किंवा बँकेतली नोकरी सोडून तिशीच्या आत काळा कोट चढवायचा असं ठरवलेली. चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, फोर्टातलं सिद्धार्थ, माटुंग्याचं न्यू लॉ... लोकल आणि लेक्चर यांच्यामध्ये जगणारी ही जमात. त्यांना पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न पडतो, आणि प्रॅक्टिस सुरू केल्यावर तर रोज पडतो. पुस्तकं घ्यायची कुठली?

ज्यांचे वडील वकील, आजोबा वकील, त्यांचं ठीक आहे. चेंबरमध्ये काचेची कपाटं असतात. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून जो पहिला वकील बाहेर पडतो त्याला कपाटही स्वतःच घ्यायचं असतं आणि पुस्तकही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअर वकिलांना महिन्याला किमान २० हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. एका जाडजूड, अनेक खंडांच्या कमेंटरीचा सेट काही हजारांत जातो. म्हणजे एक चुकीचं पुस्तक म्हणजे महिन्याचं बजेट बोंबलणं. आणि चुकीच्या पुस्तकावर विसंबून लिहिलेला अर्ज म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी जामीन लटकणं.

तर मंडळी, आजचा कॉलम पुस्तकांवर. कादंबऱ्या पुढच्या वेळी.

फोर्टात फाउंटनच्या फुटपाथवर किंवा किंग्ज सर्कलला जुन्या पुस्तकांच्या ढिगापुढे उभे राहा. मरून बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, हजारभर पानं, आणि भाव असा की पाकीट आपोआप बाहेर यावं. हातात आलेला ग्रंथ आयपीसीचा असतो. पुस्तकवाल्याला दोष देऊ नका, त्याच्यासाठी सगळी पुस्तकं सारखीच. कायद्याचं पुस्तक मात्र दुधाच्या पिशवीसारखं असतं, आधी तारीख बघायची. आणि ती कव्हरवर नसते. मुखपृष्ठ उलटून आतल्या पानावर जा. तिथे ‘पुनर्मुद्रण २०२४’ असं दिसलं की लगेच खूश होऊ नका. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला, इतकंच. आवृत्ती कुठल्या वर्षाची ते बघायचं. मग प्रस्तावनेच्या शेवटी जा. चांगला संपादक तिथे प्रामाणिकपणे सांगतो की अमुक महिन्यापर्यंतच्या दुरुस्त्या आणि निकाल यात घेतलेत. ती ओळ सापडलीच नाही तर पुस्तक परत ढिगात ठेवा.

बरं, आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स अ‍ॅक्ट हे तिघं ढळढळीत बदलले म्हणून निदान लक्षात तरी येतं. खरी गोची आहे ती नाव न बदललेल्या कायद्यांची. चेक बाउन्सचा कायदा १८८१चा, पण २०१८ मध्ये त्यात १४३अ हे कलम आलं आणि खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मिळायची सोय झाली. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट १९६३चा, त्यातही २०१८ मध्ये मोठी उलथापालथ. ग्राहक संरक्षणाचा १९८६चा कायदा जाऊन २०१९चा आला. कामगार कायद्यांचं तर विचारूच नका. २१ नोव्हेंबर २०२५ ला २९ कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या, म्हणजे त्याआधी घेतलेलं लेबर लॉचं गाइड आता जुन्या केसेसपुरतं. आणि १९६१चा इन्कम टॅक्स अ‍ॅक्ट? त्याच्या जागी २०२५चा कायदा, १ एप्रिल २०२६ पासून. टॅक्सवाल्यांना सहानुभूती.

म्हणून पहिला फंडा: जाड पुस्तक एकच घ्या, पातळ पुस्तकं भरपूर घ्या. पातळ म्हणजे बेअर अ‍ॅक्ट. नुसता कायदा, कुणाचं भाष्य नाही. किंमत एखाद्या मल्टिप्लेक्सच्या तिकिटाइतकी, फार तर दोन तिकिटांइतकी. नवी दुरुस्ती आली की नवा घेताना जीव जळत नाही. पुस्तकांच्या दुकानात शेजारी शेजारी चार प्रकाशनांचे बेअर अ‍ॅक्ट दिसतात आणि सगळे सारखेच वाटतात. सारखे नसतात. नागरिक सुरक्षा संहिता घेत असाल तर थेट शेवटाकडे जा आणि पहिलं परिशिष्ट उघडा. कुठला गुन्हा दखलपात्र, कुठला जामीनपात्र, कुठल्या कोर्टात चालणार याचा तो लांबलचक तक्ता. फौजदारी कोर्टातला ज्युनिअर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा हाच चाळतो. त्याचं प्रिंट मुंगीच्या पावलांएवढं असेल तर दुसरं प्रकाशन बघा. साक्ष्य अधिनियमाचंही तसंच. त्याच्या मागे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्राचा नमुना आहे, कलम ६३ खालचा. दोन भाग, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, शिवाय हॅश व्हॅल्यू. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवर अर्धी भांडणं चालणाऱ्या काळात हा नमुना जवळ असायलाच हवा.

आणि एक. बेअर अ‍ॅक्टमध्येही दोन जाती आहेत, नुसता आणि ‘टिपांसह’. टिपांसह घेतलात तर कलमाखाली दोन-चार निकालांचं सार मिळतं. अभ्यासाला बरं. पण सनदेनंतरच्या ऑल इंडिया बार एक्झामला २०२१ पासून टिपा असलेलं पुस्तक नेता येत नाही, कोरा बेअर अ‍ॅक्टच चालतो. त्यामुळे टिपांचा घरी, कोरा बॅगेत. आणि कोऱ्यावर पेन्सिलीनं ‘परीक्षेला येणार!!’ वगैरे लिहायचा मोह टाळा. तो कोरा राहिला नाही तर कशाला घेतला?

आता उलटा सल्ला. जुना आयपीसी रद्दीत देऊ नका. नवा आला म्हणून जुना मेला असं कायद्यात होत नाही. गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता त्याच कायद्यानं शिक्षा, हे राज्यघटनेच्या कलम २० मध्येच आहे. म्हणजे जून २०२४ मध्ये झालेल्या खुनाचा खटला कितीही वर्षं चालला तरी तो ३०२चाच. वर गंमत अशी की जुन्या घटनेची फिर्याद १ जुलै २०२४ नंतर नोंदली, तर साधारणपणे गुन्ह्याची कलमं आयपीसीची आणि तपासाची पद्धत नव्या संहितेची. भोईवाड्याच्या किंवा किल्ला कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलाच्या बॅगेत पुढची कित्येक वर्षं दोन्ही लागणार. तेव्हा फुटपाथवर आयपीसी घ्यायचाच असेल तर आयपीसीचा कोरा, स्वस्त, शेवटच्या काळातला बेअर अ‍ॅक्ट घ्या. सोनेरी अक्षरांचा नको.

मग दोन्हींच्या मध्ये ‘जुनं कलम–नवं कलम’ अशा तुलनेच्या पुस्तिका आल्या. पहिल्या सहा महिन्यांत वडापावसारख्या खपल्या असाव्यात! त्या वाईट नाहीत. फक्त त्या नकाशा आहेत, गाव नाही. ४८२चं उदाहरण घ्या. हायकोर्टात ‘चारशे ब्याऐंशी टाकला’ म्हणजे एफआयआर रद्द करण्यासाठी अर्ज केला, हे वकिलांच्या जिभेवर पन्नास वर्षं बसलं होतं. आता ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आधीचं ४३८. रद्द करण्याचा अर्ज गेला ५२८ला. सीनियर ‘४८२ काढून ठेव’ म्हणाले आणि ज्युनिअरनं नवं पुस्तक उघडलं, की दोघं दोन वेगळ्या रस्त्यांवर. तुलनेच्या तक्त्यात हा बदल सरळ मिळतो. पण राजद्रोहाच्या १२४अ समोर तक्त्यात १५२ लिहिलेलं असतं आणि दोन्हींची भाषा एक नाही. सोनसाखळी चोरीसाठी आयपीसीत स्वतंत्र कलम नव्हतं, आता ३०४ मध्ये हिसकावून नेण्याचा वेगळा गुन्हा आहे. आणि ३७७ समोर काहीच नाही. तक्ता बघून कलम शोधा, वाचा मात्र मूळ.

आता येतात आपली मुंबईची दादा मंडळी. कायद्याच्या दुकानात शिरलात की कपाटावरची निम्मी नावं इथलीच आहेत, हे बहुतेकांना माहीतच नसतं. मुल्ला घ्या. ‘मुल्लाचा हिंदू लॉ’ हे ऐकून फर्स्ट इयरला प्रत्येक बॅच एकदा तरी हसते. दिनशा फरदूनजी मुल्ला पारशी होते, मुंबईचे सॉलिसिटर, गव्हर्नमेंट लॉ स्कूलमध्ये शिकवायचे. हिंदू लॉ, मोहमेडन लॉ, सिव्हिल प्रोसिजर, पोलॉकसोबत काँट्रॅक्ट... एका माणसानं केवढं लिहावं! रतनलाल आणि धीरजलाल ही जोडीही मुंबईचीच. ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ पासूनचा, त्यांच्याच घरातला.

पण मुल्ला १९३४ मध्ये गेले. मग दर काही वर्षांनी ‘नवा मुल्ला’ येतो तो लिहितं कोण? संपादक. पुस्तकाच्या पाठीवरचं मोठं नाव हा ब्रँड झाला. तुम्ही पैसे मोजताय ते खालच्या बारीक अक्षरातल्या नावाला. एकाच ब्रँडची एक आवृत्ती झक्कास आणि दुसरी नुसती निकालांची भेळ, असं होऊ शकतं. माझी चाचणी साधी आहे. आपल्याला पक्कं माहीत असलेला एक ताजा बदल घ्यायचा आणि पुस्तक त्यावर काय म्हणतं ते दुकानातच उभं राहून वाचायचं. हिंदू लॉसाठी मुलीचा हक्क. ९ सप्टेंबर २००५ ला वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलगी जन्मानं सहदायाद झाली. त्यासाठी वडील त्या दिवशी जिवंत असायला हवेत का यावर पुढची पंधरा वर्षं वाद चालला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये ‘गरज नाही’ म्हणून सांगितलं. २००५ च्या आधीचा हिंदू लॉ तर सोडाच, २०१८ चा घेतलात तरी या प्रश्नावर तो तुम्हाला तोंडघशी पाडेल. गावच्या जमिनीत किंवा दादरच्या फ्लॅटमध्ये वाटा मागायला आलेल्या एखाद्या ताईला ‘तुमचा हक्क नाही’ असं सांगून परत पाठवणारा वकील वाईट माणूस असेलच असं नाही. त्याचं पुस्तक जुनं असू शकतं.

जुनं पुस्तक घ्यावं असं एकच नाव मी सुचवेन, सिरवई. एच. एम. सिरवई, १९५७ ते १९७४ महाराष्ट्राचे अ‍ॅडव्होकेट जनरल. त्यांचा घटनेवरचा ग्रंथ पहिल्यांदा १९६७ मध्ये आला, चौथी आणि शेवटची आवृत्ती तीन खंडांत. १९९६ मध्ये ते गेले आणि ग्रंथ तिथेच थांबला. म्हणजे २०१७चा प्रायव्हसीचा निकाल त्यात नाही. परीक्षेसाठी उपयोग कमी. तरी घ्या, निदान लायब्ररीतून. आणीबाणीतल्या हेबिअस कॉर्पसच्या निकालाला त्यांनी ज्या पद्धतीनं सोलून काढलंय ते वाचलं की युक्तिवाद म्हणजे काय ते कळतं. आणि हाच माणूस १९७३ मध्ये केशवानंद भारती केसमध्ये केरळ सरकारतर्फे ‘मूलभूत चौकटी’च्या विरोधात उभा होता, आणि पुढे स्वतःच्याच पुस्तकात मत बदलून मोकळा झाला. कायदा ताज्या पुस्तकातून आणि विचार करायचा कसा ते सिरवईंकडून, असं खातं वेगळं ठेवलं की भांडण मिटलं.

इथवरची यादी दिल्लीतल्या किंवा नागपुरातल्या विद्यार्थ्यालाही चालेल. आता खास आपल्या पिनकोडची.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथे वकिली करायची तर सगळ्यात आधी झिजणारं पुस्तक आयपीसीचं नाही, भाडे नियंत्रण कायद्याचं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, लागू ३१ मार्च २०००. चाळीतली पागडीची खोली, आजोबांच्या नावावरची पावती, आजोबा वारले, काका म्हणतो माझी, मालक म्हणतो कुणाचीच नाही. अशा वेळी कलम ७ मधली ‘भाडेकरू’ची व्याख्या, त्यातलं पोटकलम १५ आणि त्यातलाही ‘ड’, एवढ्या चार ओळींवर खोली टिकते किंवा जाते. मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत घरात राहत कोण होतं, हा तिथला प्रश्न. पागडी कायदेशीर करणारं ५६, मालकाला जागा परत मागायची कारणं १६ मध्ये, आणि हे सगळं चालणार धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात. या कायद्यावरची चांगली कमेंटरी मुंबईत वकिली करणाऱ्यानं नवीकोरी घ्यावी, इथे कंजुषी नको. कारण फुटपाथवर मिळते ती बहुतेकदा १९४७ च्या जुन्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टची. त्यातले निकाल आजही दाखवता येतात, पण कलमांचे नंबर आणि काही तरतुदी वेगळ्या. मोठ्या भांडवलाच्या कंपन्या आणि बँका भाडेकरू असतील तर त्यांना संरक्षण नाही, हे १९९९ च्या कायद्यात आलं.

सिव्हिल प्रोसिजर कोडचंही तेच. कोड देशभर एक, पण त्यातल्या ऑर्डर्स आणि रूल्समध्ये प्रत्येक हायकोर्टाच्या आपापल्या दुरुस्त्या. बॉम्बेच्या दुरुस्त्या नीट दिलेल्या आहेत का, हे दुकानातच तपासा. कलम ९अ हे तर खास महाराष्ट्राचं लाडकं होतं, आधी कोर्टाच्या अधिकाराचा प्रश्न निकाली काढा आणि मग पुढे चला असं सांगणारं. २०१८ मध्ये ते रद्द झालं. पुस्तकात ते बिनधास्त छापलेलं असेल तर काय समजायचं ते समजा. स्टँप ड्यूटी, कोर्ट फी, सहकारी सोसायट्यांचा १९६०चा कायदा ही सगळी राज्याची खाती. सोसायट्यांच्या कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी स्वतंत्र प्रकरण २०१९ मध्ये आलं. सेक्रेटरीशी भांडायचं तर निदान त्यानंतरची आवृत्ती हवी.

आवृत्तीच्या तारखेनं काय फरक पडतो, असं अजूनही वाटत असेल तर लालबागच्या पुलावरून खाली बघा. विकास नियंत्रण नियमावली १९९१, नियम ५८. गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी: एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीची इमारत पाडून जी जागा मोकळी होईल ती धरायची की नाही, यावर सगळी लढाई झाली. हायकोर्टानं २००५ मध्ये धरायची म्हटलं, सुप्रीम कोर्टानं ७ मार्च २००६ ला तो निकाल फिरवला. परळमधली काचेची ऑफिसं, ज्यांपैकी एकात बसून तुम्ही कदाचित हे वाचताय, त्या काही शब्दांच्या दुरुस्तीवर उभी आहेत. २००० सालचं नियमांचं पुस्तक उघडलं तर त्यात एक मुंबई आहे, २००२ सालचं उघडलं तर दुसरी. आणि आज जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या रिडेव्हलपमेंटची फाइल हातात आली तर यातलं एकही नको, डीसीपीआर २०३४ हवं, २०१८ पासूनचं, आणि त्यातही ३३(७).

एक खरेदी मात्र कुणीच सुचवत नाही. मराठी कोश. लॉ कॉलेजात सगळं इंग्रजीत शिकायचं आणि पहिल्याच केसमध्ये हातात येणार काय? मराठी एफआयआर, मराठी पंचनामा, मराठी जबाब. ‘सदर इसम’, ‘मयत’, ‘नमूद कामी’, ‘उसनवार’, ‘कुळमुखत्यार’... कॉन्व्हेंटवाल्यांचं सोडा, मराठी शाळेतल्यांनाही घाम फुटतो. ‘कबुली’ आणि ‘कबुलीजबाब’ यांत फरक आहे, आणि तो साध्या मराठी-इंग्रजी डिक्शनरीत मिळणार नाही. राज्य सरकारच्या भाषा संचालनालयानं ‘न्यायव्यवहार कोश’ काढलाय. कव्हर सरकारी, कागद सरकारी, लुक्सच्या नावानं शून्य. पण कामाचा! उलटतपासणीत साक्षीदाराच्या मराठी जबाबातला एक शब्द पकडून केस फिरवायची असेल तर हा हवा.

आणि फोन? फोनमध्ये सगळं आहे की! अर्धं खरं. केंद्राचे आणि राज्याचे कायदे इंडिया कोडच्या साइटवर फुकट आहेत, सुप्रीम कोर्टाचे अधिकृत निकाल जानेवारी २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट, इंडियन कानून तर २००८ पासून गरिबांचं आश्रयस्थान. पैसे असतील तर एससीसी ऑनलाइन, मनुपात्रा. निकाल शोधायला पुस्तक हवंच असं मीही म्हणणार नाही. घोळ वेगळीकडे आहे. प्रश्न टाइप केला की तयार उत्तर देणारी एआयची अ‍ॅप्स आली आणि त्यांनी दाखल्यांचा पाऊस पाडायला सुरुवात केली. केसचं नाव, वर्ष, पान नंबर, सगळं टापटीप, फक्त अशी केस अस्तित्वातच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांना अशाच बनावट दाखल्यांपायी पाच हजार डॉलर्सचा दंड झाला तेव्हा आपण हसलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे एक इन्कम टॅक्सची ऑर्डर आली, जिच्यात अधिकाऱ्यानं आधार घेतलेले निकाल सापडतच नव्हते. कोर्टानं ऑर्डर रद्द केली आणि असे दाखले तपासल्याशिवाय वापरू नका असं बजावलं. म्हणजे इथे वकील नाही, खुद्द सरकारी खातं! छापील पुस्तकातही चुका असतात, पण त्या चुकीखाली एका संपादकाचं नाव असतं.

पैशांचं गणित मांडायचं तर माझा क्रम असा. पहिल्या महिन्यात तीन नव्या फौजदारी कायद्यांचे, सीपीसीचा आणि घटनेचा बेअर अ‍ॅक्ट. जोडीला जुन्या आयपीसी आणि सीआरपीसीचे, फुटपाथवरून. विद्यार्थी असाल तर विषयाला एक टेक्स्टबुक पुरे: काँट्रॅक्टला अवतार सिंग, सीपीसीला तकवानी, फौजदारी प्रक्रियेला केळकर. मित्राच्या ग्रुपवर सात नावांची लिस्ट फिरते ती सातही जणांनी अर्धवट वाचलेली असते. प्रॅक्टिस सुरू झाल्यावर पहिलं वर्ष कमेंटरी घेऊच नका. कुठल्या कोर्टात जास्त वेळ जातोय ते बघा. स्मॉल कॉजेसमध्ये असाल तर भाडे नियंत्रण, सेशन्समध्ये असाल तर रतनलाल-धीरजलालची नव्या संहितांवरची आवृत्ती, त्याहून जास्त नाही. बाकी बार असोसिएशनच्या लायब्ररीत. तिथे फी भरलीय तर वसूल करा!

वकिलाच्या घरात पुस्तकं कुणी घातली नव्हती तरी काय होतं याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. परळच्या बीआयटी चाळीत राहून १९२३ मध्ये डॉ. आंबेडकरांनी हायकोर्टात वकिली सुरू केली, आणि दहाएक वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते मुख्यतः पुस्तकं ठेवायला. १९३५ मध्ये ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. फर्स्ट इयरवाल्यांनी एकदा बाहेरून तरी बघून यावं.

जाता जाता पत्ता. राज्याचे कायदे, राजपत्र आणि सरकारी कोश यांच्यासाठी गिरगावकरांना लांब जायला नको. चर्नी रोड स्टेशनजवळ शासकीय मुद्रणालयाच्या आवारातलं शासकीय ग्रंथागार. किमती सरकारी, म्हणजे एका कॅपुचिनोत बरंच काही बसतं. फक्त वीकेण्डचा प्लॅन करू नका. २०२० पासून राज्य सरकारी ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी गेलात तर चौपाटीवर भेळ खाऊन परत यावं लागेल. मंगळवार-बुधवार बघा, आधी फोन करून हवा तो अंक शिल्लक आहे का विचारा, आणि बॉसला सांगा, डेंटिस्टकडे जातोय म्हणून.